साबणाची दाढ

अथेन्स म्हटलं की आत्याला अजून ग्रीसच वाटतं.
हे ओहायोतलं. विटांचे रस्ते, टेकड्या,
हॉकिंग नावाची मातकट नदी,
आणि वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर मी,
दिव्याखाली अंघोळीच्या साबणातून
खालची पहिली दाढ कोरत बसलेली.
पाच उंचवटे असतात तिला.
पाचवा माझ्या हातून दर वेळी मोडतो.

हात स्थिर हवा, म्हणाल्या मिसेस ओल्डरमन.
त्यांच्याकडे माझी फाईल आहे.
ऑरगॅनिक केमिस्ट्री, बी वजा:
त्याभोवती पेन्सिलीचा हलका गोल,
एक्स-रेवर कीड दाखवतात तसा.
दवाखान्यात नुसतं उभं राहून पाहिलेले तास, चौऱ्याऐंशी.
सेवा कमी आहे. वाढव.

आई फोनवर म्हणते,
दाताच्या कण्या करून सांगितलं होतं तुला, कॉम्प्युटर घे.
हसायला येतं तिला स्वतःच्याच बोलण्याचं,
मग दोघी हसतो, मग ती फीचा आकडा विचारते.

तर सेवा वाढवायला गेले.
मार्चमधला शनिवार. खाण बंद पडलेलं गाव,
शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या रेघांवर
मांडलेल्या अठ्ठावीस घडीच्या खुर्च्या,
दात फुकट बघणार होते.
लोक आदल्या रात्रीपासून गाड्यांत झोपलेले,
काचांना आतून वाफ.
पहाटे पाचला एकानं काच खाली केली,
"मॅम, डॉक्टर तुम्हीच का?"
मी वीस वर्षांची, अंगात उसना ॲप्रन.
नाही म्हणाले.
तरी त्यानं टोपी काढली.

वर्लिन. वय त्रेपन्न.
मी फक्त लाळ ओढायची नळी धरायची होती,
आणि उजेड.
एक, दोन, नववा, दहावा…
स्टीलच्या वाटीत पडताना प्रत्येकाचा आवाज वेगळा.
बाराव्याला कधीतरी त्यानं माझं मनगट धरलं,
घट्ट नाही.
अंधारात जिन्याचा कठडा धरावा तसं.
हात हलवायचा नव्हता मला. हलवला नाही.

आमच्यात म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत,
चणे आहेत तर दात नाहीत.
इथं कुणी ऐकलं असायचं कारण नाही.
पण जिमच्या दारात कुण्या भल्या माणसानं
खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुड्यांचं खोकं ठेवलं होतं,
आणि गालात कापूस दाबून बाहेर पडणारा प्रत्येक जण
एकेक पुडी खिशात घालत होता.
वर्लिननं दोन घेतल्या.

रात्री तक्ता उघडला.
तारीख. ठिकाण. तास: अकरा.
पुढचा रकाना: काय शिकलात?
'सहानुभूती' लिहिलं, खोडलं.
'नेतृत्व' लिहिलं
आणि एकटीच दात काढून हसले.

मसुदा वाचून मिसेस ओल्डरमन म्हणाल्या,
वर्लिन फार झालाय. तू कुठं आहेस यात?
समितीला तो नकोय, तू हवीस.
बरोबर आहे त्यांचं. त्यांची मुलं लागतात दरवर्षी.
म्हणून मी एकेक काढत गेले,
आधी टोपी,
मग काचांवरची वाफ,
शेंगदाणे,
शेवटी मनगट. ते मुळापासून निघेना.
भूल कुणालाच दिली नव्हती.
उरलं ते असं:
वंचित समाजासोबत काम करताना मला माझी दिशा सापडली.
सरळ, पांढरं, कुठं फट नाही.
कवळीच.
आता छान, त्या म्हणाल्या.

अर्ज जूनमध्ये उघडतात.

काल पाचवा उंचवटा जमला एकदाचा.
दाढ बेसिनपाशी वाळत ठेवली
आणि टेसानं सकाळी घाईत तिनंच हात धुतले.
सॉरी सॉरी म्हणत आली, ओल्या तळव्यावर ती घेऊन.
उंचवटे झिजलेले, कडा बसलेल्या,
मधोमध एक खळगा.
एका सकाळीत त्रेपन्न वर्षांची झाली होती.

नवी वडी आणली आहे.
तिचा कागद अजून फोडलेला नाही.